वळकट्या चाचपणारा जहाजीमामा

समुद्रपुरात समुद्र पाहिलेला माणूस एकच, आमचा जहाजीमामा. आणि त्याला न बघवणारी गोष्टही एकच, न तपासलेली वळकटी. उतारूंची मोटार गावात आली की स्वारी तिच्या दाराशी हजर. "आना इकडे, मी धरतो," म्हणत उतरणाऱ्याचं अंथरूण हातात घ्यायचं आणि खाली ठेवता ठेवता बोटांनी आतून चाचपायचं. लोकांना वाटे, काय सेवाभावी माणूस!

आईचा हा धाकटा भाऊ चीनकडच्या समुद्रात माल आणि उतारू नेणाऱ्या आगबोटीवर पहारेकरी होता. चाचे होडीतून दोर टाकून चढतात, असं आम्ही म्हटलं की मामा चिडायचा. "दोरानं काऊन चढन? तिकीट काढून शिडीनं येते ते, सभ्य माणसावानी. हत्यार वळकटीत. बोट खोल पाण्यात गेली का मंग उठते." म्हणून चढणाऱ्या प्रत्येक उतारूची वळकटी सोडून पाहायची, हेच त्याचं काम.

एकदाच पाहिली नाही. एक म्हातारी वळकटीवर बसून खोकत होती, तिला उठवणं त्याच्या जिवावर आलं. दुपारी त्याच वळकटीतून हत्यारं निघाली आणि बोट लुटली गेली. जोडीदार गेला, मामा खांद्यात गोळी खाऊन घरी परतला. हे सांगताना तो बसत नसे, अंगणभर येरझाऱ्या घाली. "बोटीची एक फेरी, अक्का. एकच फेरी नीट करून येतो." आई ओरडे, "डोस्कं फिरलं का तुह्यं? मेला असता न तू!"

माझ्या ताईच्या लग्नात तर कहर झाला. वडनेरहून वऱ्हाड आलं आणि मामाने चक्क वरमाईची वळकटी सोडली. निघाला चिवड्याचा डबा! व्याही चपला शोधू लागले. आईने पाय धरले तेव्हा कुठे मंगलाष्टकं झाली. मामा वर म्हणतो, "हासून काय राह्यले? दुसरं काई निघालं असतं तं?" मी तोंडात पदर कोंबून हसले होते, खोटं कशाला बोलू.

मग बोटीच्या कंपनीचं पत्र आलं. मी तेव्हा मास्तरीण होते. पोस्टमनने ते शाळेत माझ्याच हाती दिलं. खांदा बरा असेल तर अमुक तारखेला मुंबईस हजर व्हावे, असा मजकूर. गोळीतून मामा एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचेल कशावरून? पत्र मी पिशवीत मुलांच्या वह्यांखाली दडवलं. आईलाही सांगितलं नाही.

मामा रोज टपालाच्या गाडीवर जाई. त्याचं जेवण सुटलं. "नाई आलं न काई?" विचारी. मी म्हणे, "नाही." पिशवी समोर खुंटीला. गावभरची गाठोडी चाचपणाऱ्या या माणसाने तिला बोट लावलं नाही. दहाव्या दिवशी मला राहवेना. पत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि रडू लागले. हजर व्हायची तारीख उलटून दोन दिवस झाले होते.

वाटलं, आता हात उचलतो. पण मामा एवढंच म्हणाला, "भेली होती न तू?" कंपनीला लिहून पाहिलं, तर उत्तर आलं, जागा भरली.

त्यानंतर मामा मोटारीवर गेला नाही. पाहुणे आले तरी खाटेवरून उठेना. आई केळझरच्या गणपतीला नारळ फोडून आली. "भाऊ आला बाप्पा माणसात एकदाचा!" मी मात्र शाळेतून आले की पिशवी मुद्दाम त्याच्या खाटेवर ठेवायची. "मामाजी, पाहा न आत काय आहे ते."

तो पिशवी उचलून तशीच खुंटीला अडकवी. "असू दे पोरी," म्हणे. "तुह्यावर का मी शक घेऊ?"