दोनदा साखर घातलेला हलवा

आमच्या शेजारच्या किल्लीवाल्याचं तोंड म्हणजे गंजलेलं कुलूप. मग त्याच्या घरातली बित्तंबातमी मला कशी, असं विचाराल. मधली भिंत पातळ आहे, त्यात माझ्या कानांचा काय दोष?

दुकानात कोणी जुनी किल्ली आणली की हा आधी ती उजेडात धरायचा. "झिजलीय. हिच्यावरून काढली तर तीही झिजकीच निघेल. घरात दुसरी असेल ती आणा." दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा असा शहाणा मी दुसरा पाहिला नाही.

वहिनी मात्र मोकळ्या. त्यांच्याकडून लाल भोपळ्याच्या हलव्याचा वास सुटला की मला नेमकी शिडी लागायची. शिडीबरोबर वाटी मिळायची.

मग वहिनी विसरायला लागल्या. आधी गॅस, तेव्हाच याने दुकान बंद केलं. मग गल्ली, मग नवरा. घरात वावरणारा हा म्हातारा कुलूप दुरुस्त करायला आलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं. "अहो किल्लीवाले, काम झालं असेल तर निघा. आमचे हे यायची वेळ झाली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. पुढे त्यांनी जेवण सोडलं. परक्या पुरुषाच्या हातचं कसं खायचं? हाडं वर आली.

शेवटी लेकीने सांगितलं, "बाबा, मी रविवारी येते. तोवर तुमच्या हातचं खायला लागली तर ठीक, नाहीतर मी तिला घेऊन जाते. बाईच्या हातचं तरी खाईल." लेकीच्या घरात एकच खोली आणि माणसं चार. तिथे आई कशीबशी मावली असती, बाप नाही.

रविवारी सकाळी पलीकडे करवत चालू झाली. मी शिडी मागायला गेलो. भोपळ्याच्या सालीला सुरी लागेना म्हणून पठ्ठ्या लोखंड कापायची करवत चालवत होता.

"भोपळा चोरीचा आहे का? कुलूप तोडताय तसं तोडताय."

"बोलू नका. किसा."

मी किसला. त्याने तूप तापवलं, किस टाकला आणि लगेच मूठभर साखर.

"अहो, साखर शेवटी. आत्ता घातलीत तर किस ताठ होतो."

"ती आत्ता घालते आणि शेवटीही घालते. तीच तर खुबी. दुकान बंद केल्यापासून मी या ओट्याशीच बसायचो, सगळं डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी आयतं ताटात यायचं."

मी गप्प बसलो. आमच्या घरात यावर अजून कोणी विश्वास ठेवत नाही.

लेक आली. त्याने वाटी वहिनींच्या पुढे केली. त्यांनी वास घेतला आणि चक्क एक चमचा तोंडात घातला. आम्ही तिघंही त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

"माझाच आहे," त्या म्हणाल्या. "हल्ली हातून साखर दोनदा पडते हो. आठवतच नाही घातलेली. ह्यांना कळतं, पण एका शब्दाने बोलत नाहीत. गपचूप संपवतात बिचारे."

आणि चमचा खाली ठेवून त्यांनी वाटीवर ताटली झाकली.

"हा त्यांच्यासाठी राहू दे. दुकानातून दमून येतील."

"आई, खा ना थोडा. हेच बाबा आहेत."

वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं, पाहुण्याकडे बघावं तसं.

"नाही गं. ते असे कोणासमोर रडायचे नाहीत."

दुसरा चमचा काही त्यांनी उचलला नाही. दुपारी लेकीने गाडी बोलावली. उंबऱ्यात वहिनी थांबल्या, "किल्लीवाले, जाताना कुलूप ओढून बघा."

"बघतो, बाई," तो म्हणाला.

गाडी वळल्यावर आम्ही दोघंच दारात उरलो. काही तरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "दुकान आधी बंद करायला हवं होतं."

मग आत गेला. शिडी मी तशीच उचलून आणली. भिंतीपलीकडे ताटली उचलल्याचा आवाज झाला, मग चमच्याचा. किस ताठ झाला होता, त्याला खायला बराच वेळ लागला.