गीझरमागची बोटभर तार

फसवलं मी. फसले ते नारायणगुड्याचे एक वकीलसाहेब, त्यांच्या पत्नी, आणि माझा दोस्त मल्लेश. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. उलट त्या घराने मला कसं पिळलं, हेच मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं नाही. पण मी ते पुन्हा सांगायला लागलो, तर समजा की मुद्द्यापासून पळतोय.

मी इलेक्ट्रिशियन. वडील परभणीकडून आले, सिकंदराबादला रेल्वेत खलाशी होते. मला कुणी दुकान काढून दिलं नाही, कुणी शिकवलं नाही. शॉक खात शिकलो. भाव करताना मी ऐकून घेत नाही, आणि डोकं लवकर तापतं, हे विद्यानगरपासून नारायणगुड्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीची कामं मला मल्लेशनेच मिळवून दिली. तो प्लंबर. नळाचं काम जिथे काढील तिथे म्हणायचा, "वायरिंगवास्ते मेरे अन्ना को बुलाव."

साहेबांच्या घरीही त्यानेच पाठवलं.

जुनं घर, जुनी मराठी माणसं, तीन पिढ्या वकिलीत. तक्रार काकूंची, म्हणजे साहेबांच्या पत्नीची होती — गीझर लावला की खालच्या पितळी नळाला हात लावताच मुंग्या येतात. मी फ्यूजची पेटी उघडली. आणि बघतच राहिलो. घरभर दोनच तारा — एक करंट आणणारी फेज, एक परत नेणारी न्यूट्रल. तिसरी, चुकार करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची, कुठेच नाही. वर दोन्ही तारांवर चिनी मातीचे फ्यूज. फार जुन्या कामात असं करायचे. आता न्यूट्रलवर कुणी फ्यूज ठेवत नाही. का ठेवत नाही, ते पुढे येईल.

मी साहेबांना सांगितलं, अंगणात खड्डा घ्यावा लागेल, कोळसा-मीठ भरून अर्थिंग करावं लागेल. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. समोरच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र ते उचलत होते, ते त्यांनी परत तिथेच ठेवलं. मी उभाच.

"शहाबादी फरशी फोडायची? चाळीस वर्षं या घरात कुणाला चटका बसला नाही, मिस्त्री."

"चाळीस वर्षं गीझर नव्हता, साहेब."

"तुम्हा लोकांना खोदकाम काढल्याशिवाय बिल करता येत नाही का?"

तुम्हा लोकांना. — हे दोन शब्द मी किती वर्षं चघळले, विचारू नका. इलेक्ट्रिशियन लोकांना म्हणाले असतील? असतीलही. मी ते तसं ऐकलं नाही. त्यानंतर त्यांनी मजुरीवरून घासाघीस केली, मीही केली, आवाज चढले. शेवटी काकूच बाहेर आल्या. "अहो, काहीतरी करून घ्या ना याच माणसाकडून. मला नळाला हात लावायची भीती वाटते."

मग मी काहीतरी करून दिलं.

गीझरच्या तीन पिनांच्या सॉकेटमागे, अर्थिंगच्या जागेवरून न्यूट्रलच्या जागेवर मी बोटभर तार टाकली. बस. खड्डा नाही, खोदकाम नाही. मुंग्या तिथल्या तिथे बंद. कारण जो थोडा करंट गीझरच्या पत्र्यावर झिरपत होता, तो आता न्यूट्रलमधून परत जायला लागला. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये टेस्टचा बल्ब धरला की तो लख्ख पेटायचा. घरच्यांना तेवढंच दिसतं. मी काकूंना बोलावून बल्ब पेटवून दाखवला. म्हणालो, "बघा, अर्थिंग आलं. आता डोळे झाकून नळ धरा."

हे शब्द माझे. माझ्याच तोंडचे.

मला माहीत नव्हतं का? होतं. न्यूट्रल जोवर धड आहे, तोवरच ही तार बरी. न्यूट्रल तुटली, की परत जायची वाट बंद, आणि करंट गीझरमधून फिरून त्या तारेने थेट पत्र्यावर, पत्र्यावरून नळात. आणि या घरात न्यूट्रलवर फ्यूज होता — म्हणजे तुटायची सोय आधीच करून ठेवलेली. तो फ्यूज काढून तिथे तार सरळ जोडायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं दिली नाहीत. साहेबांच्या घरात एक मिनिटही जास्त थांबायचं नव्हतं मला. जिना उतरताना मी खूश होतो. वाटलं, खड्डा नको म्हणाले ना — घ्या.

पुढे दोन वर्षांनी मल्लेशने त्या घराचे गंजलेले लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले; गीझरपासून नळापर्यंतचा आखूड लोखंडी तुकडा तेवढा राहिला. काम स्वच्छ केलं. त्यात त्याची काही चूक नव्हती.

त्याच हिवाळ्यात, एका सकाळी, साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

मी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी मेन स्विच पाडला होता. काकूंना दवाखान्यात नेलं होतं, पण गडबड नव्हती. कुणी घाईत नव्हतं. त्यावरून कळलं. साहेब ओट्यावर बसले होते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होते — "लाइट नव्हती हो. सकाळपासून घरात लाइट नव्हती. ती म्हणाली, गीझरमध्ये रात्रीचं पाणी असेल कोमट, तेवढ्यात उरकते. लाइटच नव्हती तर करंट आला कुठून?"

अंगणात वीसेक माणसं होती. त्याचं उत्तर त्यातल्या एकालाच येत होतं. न्यूट्रलचा फ्यूज वितळला होता. दिवे त्यानेच विझले होते; फेजची तार मात्र जिवंतच होती, आणि गीझरचं बटण चालू. आणि दिवे विझले म्हणून काकू निर्धास्त होत्या.

मी म्हणालो, बघतो. एकटा न्हाणीघरात गेलो. फरशी ओली होती. सॉकेट उघडलं, ती तार काढली, खिशात टाकली. पेटीजवळ जाऊन न्यूट्रलच्या फ्यूजमध्ये नवी तार भरली. हात थरथरला नाही — हे मला सगळ्यात जास्त आठवतं. पोलिस अजून यायचे होते.

बाहेर आलो तर मल्लेश आला होता, धावत, अर्धा शर्ट बाहेर. मी त्याच्यावर ओरडलो. "पाइप किसने बदले? मी अर्थिंग लोखंडी पाइपाला बांधलं होतं! प्लास्टिक घालताना मला विचारलंस का?"

माझा राग सगळ्यांच्या ओळखीचा. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण त्या दिवशी मला राग आलाच नव्हता. तो मी आणला होता. आणि पाइप तर केव्हाच भंगारात गेले होते. मी त्यांना काय बांधलं होतं, काय नव्हतं, कोण बघणार? साहेबांच्या भाच्याने मल्लेशच्या कानाखाली मारली. मल्लेश माझ्याकडे बघत राहिला — संशयाने नाही. कारागीर आपल्याहून जाणत्याकडे बघतो, तसा. मी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असा.

पोलिसांनी अपघात लिहिला. पण वस्तीने मल्लेश लिहिला. त्याला कामं मिळेनात. जी मिळत होती तीही त्याने सोडली. आता सिकंदराबादला एका अपार्टमेंटचा वॉचमन आहे.

लोखंडी पाइप असते तर करंट जमिनीत उतरला असता, काकू वाचल्या असत्या — कदाचित. या 'कदाचित'वर मी बरीच वर्षं झोप काढली. साहेबांनी खड्डा घेऊ दिला असता तर. वर्तमानपत्र उचललं असतं तर. माझ्याकडे असे 'तर' पुष्कळ आहेत. पण ती तार मी टाकली. काढली तीही मी.

यंदा मल्लेशने उप्पलच्या पुढे दोन खोल्या बांधल्या. वायरिंगला मलाच बोलावलं. मी गेलो तर अर्थिंगचा खड्डा आधीच तयार — हवा त्याहून दुप्पट खोल, एकट्याने खोदलेला.

मी म्हटलं, "अरे, विहीर खोदतोस का?"

हसला नाही. म्हणाला, "उस दिन तुमकु पूछना था, अन्ना. मेरे हात से गई वो अम्मा. आज भी पाइप जोडा तो हात कापते."

तेव्हा बोलायचं होतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता, मधे फक्त तो खड्डा. मी काय केलं? मिठाची पिशवी उघडली. संध्याकाळपर्यंत काम करून, त्याच्या घरचा भात खाऊन परत आलो.

मल्लेशला मराठी वाचता येत नाही. मग मी हे मराठीत लिहितोय ते माझी भाषा म्हणून, की त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून? दुसरंच खरं असावं. भित्रेपणा असा सहज जात नाही.

पण साहेबांना येतं. ते अजून त्याच घरात असतात, वर्तमानपत्र ओळन् ओळ वाचतात, असं ऐकतो. साहेब, मल्लेशने तुमच्या पत्नीला मारलं नाही. त्याला मारलेली थप्पड माझी होती. माफी मागत नाही. ती देण्याजोगी गोष्टच नाही. त्याला बोलवा, तुमच्या भाच्याला बोलवा, त्या दिवशी अंगणात होते त्यातले जे हयात आहेत त्यांना बोलवा, आणि मला मधे उभं करून विचारा. उत्तर मी द्यायचं आहे. मल्लेशने नाही.