मंद्रूपला मी कुणालाच ओळखलं नाही

आधी चहा संपवा, मग सांगते. मध्येच हसू आलं आणि चहा नाकात गेला तर पुन्हा मलाच बोल लावाल! आयुष्यात मी वेंधळेपणा पुष्कळ केलाय, पण हा त्यातला मानाचा.

आणि काळजी नको, ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना विचारूनच सांगतेय. त्यांची अट एकच होती. नाव माझं बदला, पण चूक तुमची आहे, ती तुमच्याच नावावर ठेवा. तर त्यांना आपण अण्णा म्हणू.

भवानी पेठेत एका कापडाच्या दुकानावर माझं क्लिनिक आहे. मी मानसोपचाराचं काम करते. म्हणजे गोळ्या देत नाही, बोलते आणि ऐकते. ऐकते जास्त. (घरचे उलटं सांगतील, त्यांचं सोडा.) आमच्या कामाचे नियम कडक असतात. क्लिनिकमध्ये ऐकलेलं बाहेर काढायचं नाही. पेशंटकडून भेटवस्तू घ्यायची नाही. आणि बाहेर कुठे पेशंट दिसला तर आपण होऊन ओळख द्यायची नाही, कारण त्याच्याबरोबरचा माणूस लगेच विचारतो, "या मॅडम कोण?"

मी हे नियम इतके पाळते की मंडईत समोरून पेशंट आला की मी वांग्यांकडे टक लावून बघत राहते. भाजीवाल्या मावशींना वाटतं, बाईंच्या घरी आज पंगत आहे.

तर एके दिवशी माढ्याहून आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या सुमितला मंद्रूपचं स्थळ आलं होतं आणि रविवारी मुलगी बघायला मी बरोबर हवीच होते. "तू माणसं वळखतीस की," असं आक्कांचं म्हणणं. मी त्या लोकांचं आडनाव विचारलं, तर म्हणाल्या, आधी चल तर खरं. मला तिथेच संशय यायला हवा होता. नाही आला.

मंद्रूपला गाडी थांबली. दारात पांढरी टोपी घातलेले गृहस्थ हात जोडून उभे होते. बघते तर काय, अण्णा! सहा महिने दर गुरुवारी माझ्यासमोर बसणारे अण्णा. घरात कशाची कमी नाही, पण झोप उडालेली, छातीत धडधड. शेजारी त्यांची बायको. सुरुवातीला ती त्यांच्याबरोबर यायची आणि क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसून राहायची.

तुम्ही असता तर काय केलं असतं? मुलीच्या लग्नाची बोलणी, आणि बाप मानसोपचार घेतोय हे मुलाकडच्यांना कळलं तर? अशा कारणावरून जमत आलेली लग्नं मोडलेली मी पाहिली आहेत. मी ठरवून टाकलं, काही झालं तरी या माणसाला ओळखायचं नाही.

"नमस्कार मॅडम," अण्णा तोंडभरून हसले.

मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या म्हशीकडे बघत म्हटलं, "नमस्कार. आपण कुठले?"

माणूस स्वतःच्या दारात उभा आहे, आणि मी विचारतेय, आपण कुठले!

अण्णांनी मागे वळून स्वतःचंच घर बघितलं. "हितलाच की," म्हणाले.

आक्कांनी मला कोपराने ढोसलं. आम्ही आत गेलो. पोहे आले, त्यांच्या मागून मुलगी, म्हणजे पूजा, आली. सुमितने तिला एक प्रश्न विचारला, तिने त्याला दोन विचारले, आणि दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की बाकीचे उठून गेले असते तरी त्यांना पत्ता लागला नसता. सगळं मनासारखं चाललं होतं. एक मी सोडून.

मग चहा आला. अण्णांच्या बायकोने सगळ्यांना ट्रेमधला दिला आणि माझ्यापुढे वेगळा कप धरला. "तुमचा बिनसाखरेचा, मॅडम."

झालं! सहा महिन्यांपूर्वी बाकावर बसून त्या बाईने माझा बिनसाखरेचा चहा आत जाताना बघितला होता आणि तो लक्षात ठेवला होता. आक्कांचं लक्ष आहे का ते मी बघितलं. होतं. "छे छे, मी चांगला गोड पिते," असं म्हणत मी सुमितच्या हातातला कप ओढून घेतला. पाहुण्यांसाठीचा चहा तो, साखरेचा हात कोण आखडता घेणार? आणि मला मधुमेह! तरी अख्खा कप घशाखाली घातला. मामी, तुझ्या शुगरचं काय, असं सुमित विचारायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूटपणे बिनसाखरेचा पिऊ लागला.

निघायची वेळ झाली. अण्णांच्या बायकोने हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरायला खण-नारळ पुढे केला, वर शेंगाचटणीचा पुडा. आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीने, क्लिनिकमधलं वाक्य बाहेर पडलं.

"माफ करा, मला असं काही घेता येत नाही."

मुलगी बघायला आलेल्या बाईने ओटी नाकारली तर त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या माउलीचा हात नारळासकट तसाच पुढे राहिला.

आक्कांनी मला दंडाला धरून गोठ्यापाशी नेलं. "खरं सांग, माणूस कसा हाय?"

"मी काही सांगू शकत नाही."

"म्हंजे सांगण्यासारखं कायतरी हाय."

"आहे असंही मी म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही."

आमच्या नियमांप्रमाणे हे उत्तर अगदी बिनचूक आहे, बरं का! पण गोठ्यापाशी उभं राहून ऐकलं तर वाटतं, या घरात नक्की काहीतरी भयंकर दडलंय. आक्कांचा चेहरा उतरला. आत जाऊन त्या अण्णांना एवढंच म्हणाल्या, "बरंय मग, कळवतो."

या 'कळवतो'चा अर्थ सगळ्यांनाच कळतो. पूजाने मान खाली घातली. सुमित खुर्चीवरून उठेचना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाची झोप मी सहा महिने परत आणत होते, त्याच्या मुलीचं जमलेलं लग्न मी दोन तासांत मोडलं होतं, तेही काहीही न सांगता.

अण्णा पुढे आले. आता यांची धडधड सुरू होणार, असं मला वाटलं. पण ते माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "मॅडम, बसा. श्वास घ्या. सावकाश, तुमी शिकवलाय तसा."

मी बसले. घेतला श्वास. दुसरं करणार काय!

मग ते सगळ्यांसमोर बोलले. "मी झोपंसाठी मॅडमकडं जातो, हे आक्कांना मी पयल्या फोनलाच सांगितलंय. सोयरीक करायची ती लपवून कशाला? तवा आक्काच म्हनल्या, त्या तर माझ्या भावाची बायको."

मी आक्कांकडे बघितलं. आक्का छताकडे बघत होत्या. "आधी सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" त्या पुटपुटल्या. झोपेचं त्यांना माहीतच होतं. पण मी इतकी अडखळतेय म्हटल्यावर त्यांना वाटलं, त्याहून मोठं काहीतरी असणार.

म्हणजे आक्कांना माहीत, सुमितला माहीत, पूजाला माहीत. त्या घरात गुपित राहिलं होतं ते फक्त माझ्यापासून!

अण्णांचं अजून संपलं नव्हतं. "आनि मॅडम, पयल्या दिवशी तुमीच सांगितलं हुतं. 'भाईर भेटलो तर मी हून वळख देनार न्हाय, पर तुमी दिली तर मीबी दीन.' मी नमस्कार केला, हिनं चा दिला, नारळ दिला. आजून किती वळख द्यायची?"

नियमाचा अर्धा भाग मी विसरले होते. तोही माझाच नियम!

मी उठले, पदर पुढे केला, ओटी घेतली आणि त्या माउलीची माफी मागितली. चटणीचा पुडाही घेतला. आक्कांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि सुमितने एकदाची पूजावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

गुरुवारी अण्णा नेहमीच्या वेळेला क्लिनिकवर आले. मी त्यांना सांगितलं, आता आपण सोयरे झालो, आणि नात्यातल्या माणसावर मला उपचार करता येत नाहीत. हाही नियम, आणि हा मला पूर्ण आठवत होता. दुसऱ्या एका मॅडमच्या नावाची चिठ्ठी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली.

"चांगल्या हायेत का ह्या?"

"खूप चांगल्या."

त्यांनी चिठ्ठी हळूच माझ्याकडे परत सरकवली. "मग आधी तुमीच जाऊन या. मला आता झोप लागती, मॅडम."

मी हसण्यावारी नेलं. पण रविवारपासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, हे या माणसाने ओळखलं कसं?