परत न आलेला फोटो

आधी एक रिवाज सांगायला हवा. नाहीतर देवाजी कापगत्यांची चूक नुसती मूर्खपणाची वाटेल, आणि देवाजी मूर्ख नव्हते.

साकोली-लाखांदूरकडची जी कुणब्यांची घरं कारखान्याच्या नोकरीपायी भिलाईत आली, ती इथं रुजली खरी, पण सोयरीक मात्र तिकडचीच करत राहिली. मुलगी दाखवायला तिला गावोगाव कोण नेणार? म्हणून आधी फोटो जायचा. पाकिटाच्या कोपऱ्याला हळदकुंकू, आत फोटो, फोटोच्या मागं मुलीचं आणि मामाकुळाचं नाव. एखादा काका ते पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात घालून पॅसेंजरनं गोंदियाकडे निघायचा. मुलगी मनास आली तर फोटो ठेवून घेत. नाही आली तर त्याच पाकिटात परत येई. परत आलेला फोटो म्हणजे नकार, पण त्या नकारातही मान होता, कारण लेकीचा चेहरा परक्या घरात पडून राहू नये हे दोन्हीकडची माणसं जाणत. कौशल्याबाईंचा फोटो असाच देवाजींच्या वडलांनी सून म्हणून ठेवून घेतला होता. तो अजून घरातल्या लोखंडी कपाटात आहे.

देवाजींची सारी नोकरी रेल मिलमध्ये गेली. लालभडक रूळ निघताना पाहायचे, थंड झाल्यावर त्यात खोट शोधायची. रुळाच्या अंगावर कारखान्याची आणि सालाची छाप उठवलेली असते. त्या छापेचा देवाजींना भारी अभिमान. कुठंही प्रवासाला निघाले की फलाटाच्या कडेला वाकून रूळ वाचायचे आणि आपली छाप दिसली की "कौशल्ये, पाह्य, आपला हाये!" म्हणून हाका मारायचे. कौशल्याबाई तोवर जागा धरायला डब्यात शिरलेल्या असत.

निवृत्तीनंतर हातात मोबाईल आला आणि हा माणूस त्या डबीत पार बुडाला. सकाळचा नमस्कार, गुडघेदुखीवरचा काढा, कोणाच्या तरी वारल्याची बातमी, सगळं सगळ्यांना पाठवायचं. त्यातच गोंदियाच्या नरहरीभाऊंनी समाजाच्या वधूवरांचा एक ग्रुप काढला. देवाजींना वाटलं, चला, काकाचं पॅसेंजरचं भाडं वाचलं.

धाकटी लेक रेणू नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवत होती. मुलगी हुशार, आवाजाला जरा कडक, पोरं तिला घाबरायची आणि तिच्याचकडे शिकायला यायची. तिच्या लग्नाचं मनावर घेतलं तेव्हा तिनं बापाला एवढंच सांगितलं होतं, "बाबा, बायोडेटा धाडा, पण फोटो नका टाकू. अन् माझा नंबर तर बिलकुल नाई. कोनी चांगलं घर आलं त मी स्वतः देईन न."

"फोटोबिगर बायोडेटा म्हनजे मिठाबिगर वरन," देवाजी हसून म्हणाले. "अन् नाई आली पसंत, त परत येईन फोटो!"

हे ते अर्धं चेष्टेत बोलले होते. अर्धं मात्र त्यांना खरंच तसं वाटत होतं.

चुलतबहिणीच्या लग्नातला रेणूचा हिरव्या साडीतला फोटो त्यांना फार आवडायचा. भिंतीवर तो चौकटीत लावला होता. तोच त्यांनी टाकला. सोबत जन्मवेळ, शिक्षण, सेक्टर, क्वार्टरचा पत्ता, कोचिंगचं नाव, आणि लोकांना बरं पडावं म्हणून रेणूचाच नंबर. बायोडेटा भरलेला असावा, ओकाबोका दिसू नये, ही त्यामागची समज. नरहरीभाऊंनी तो आणखी ग्रुपांत ढकलला, तिथून तो कुठं कुठं गेला ते आता देवालाच ठाऊक. देवाजी मात्र खूश होते. तुमसरचं एक घर चांगलं दिसत होतं आणि मुलाच्या आईचं कौशल्याबाईंशी दोनदा बोलणंही झालं होतं.

पुढं जे झालं ते कोचिंगमधल्या निशानं आधी पाहिलं. तिनं रेणूला स्टाफरूमच्या कोपऱ्यात नेऊन मोबाईल पुढं धरला. कुठल्याशा साइटवरची जाहिरात, आणि तिच्यात हिरव्या साडीतला तोच फोटो. खाली नाव, भिलाई, नंबर, आणि तिची संगत करायला बोलावणारी अशी काही वाक्यं, की ती इथं लिहायला माझाही हात धजत नाही. रेणूला आठवडाभरापासून घाणेरडे फोन का येत होते ते तिला त्या घटकेला कळलं.

कोचिंगच्या मालकानं आवाज चढवला नाही. "कुछ दिन छुट्टी ले लीजिए, मॅडम," एवढंच म्हणाला. ते कुछ दिन कधी संपलेच नाहीत. तुमसरवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. पूर्वीची रीत असती तर निदान पाकीट तरी परत आलं असतं.

देवाजी रेणूला घेऊन दुर्गला गेले. तिथं पोलिसांत सायबरचं काम पाहणारे एक तरुण साहेब भेटले. माणूस भला होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, तक्रार लिहून घेतली. देवाजींनी हात जोडून मागणं मांडलं, "साहब, सजा देना नहीं देना आप देखो. मेरे को बस लडकी का फोटो वापस चाहिए."

साहेबानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "काका, फोटो वापस नहीं आता. हटवा सकते हैं, बस. और ये वेबसाइट बाहर के देश की है. हम मेल भेजेंगे. बडे मुल्क की पुलिस लिखती है तो ये लोग दौडते हैं. हमारी चिट्ठी का जवाब कभी आता है, कभी नहीं."

ती जाहिरात निघायला महिने लागले, आणि निघाली तशी दुसऱ्या नावाच्या साइटवर उगवली. पहिली जाहिरात ज्या नंबरावरून टाकली होती तो शोधून काढला, तर तो दूर परराज्यातल्या एका वीटभट्टीवरच्या मजुराच्या नावावर निघाला. त्या बिचाऱ्यानं आपल्या अंगठ्यावर कोणी सिम काढलंय हेच पहिल्यांदा ऐकलं. चोर सुटला, संन्याशाला फाशी व्हायची तेवढी वाचली.

मग देवाजींनी वकील गाठला. दुर्गच्या कोर्टात संघमित्रा रामटेके नावाच्या वकीलबाई होत्या, मूळच्या भंडाऱ्याच्या. आपल्या बोलीत बोलणारी बाई मिळाली म्हणून देवाजींना जरा हायसं वाटलं. त्यांनी आपल्या मनातलं विचारून घेतलं. "मॅडम, आमचा रूळ कुठं बी तुटू द्या, छाप पाहून आमच्या मिलपावतर मागं येतेत. कोन्या पाळीत बनला थे बी काढतेत. मंग ह्या फोटोचा माग कावून लागत नाई?"

संघमित्राबाई हसल्या नाहीत. "काका, छाप रुळावर आपोआप नाई उठत. छाप नसली त माल कोनी घेत नाई, म्हनून तुमी मारता. फोटोवाल्यांवर अशी सक्ती अजून कोनी नाई केली. आपला कायदा दोन हजार सालचा. तवा मोबाईलात कॅमेरे बी नव्हते. मंग त्याले ठिगळं लावली. तपास इन्स्पेक्टरनंच कराचा म्हनते कायदा, अन् इन्स्पेक्टर असतेत किती? लोकाईची माहिती जपाचा नवा कायदा पास झाला, पन त्याचे नियम अजून यायचे हायेत."

म्हणजे बारसं उरकलं होतं, मूल यायचं होतं. आपल्याकडे वरातीमागून घोडे निघतात हे देवाजींना काय ठाऊक नव्हतं? पण वरात आपल्याच दारावरून जाते तेव्हा ते हसण्यावारी नेता येत नाही. बाईंनी अर्ज केले, तारखा घेतल्या, जीव तोडून भांडल्या. पहिल्याच भेटीत देवाजी निघताना एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती, "काका, आता तुमी काई करू नका. मले विचारल्याशिवाय काईच नाई."

देवाजी महिनाभर गप्प बसले. रेणू खोलीतून बाहेर यायची नाही, आली तरी बापाकडं पाहायची नाही. शेजारच्या बायका कौशल्याबाईंना नको तितक्या मायेनं विचारायच्या. हे सारं आपल्या बोटानं झालं, ही सल त्यांना जेवू देईना. काहीतरी केलंच पाहिजे असं वाटे, आणि करायला त्यांच्यापाशी एकच गोष्ट होती, जुना रिवाज.

एका सकाळी त्यांनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत निरोप लिहिला. "सर्व समाजबांधवांस विनंती. माझ्या मुलीचा फोटो चुकीच्या हातात गेला आहे. ज्यांच्याकडं असेल त्यांनी कृपया परत पाठवावा व आपल्याकडं ठेवू नये." लोकांना कोणता फोटो ते कळावं म्हणून खाली तोच हिरव्या साडीतला फोटो जोडला. आणि होते नव्हते तेवढ्या सगळ्या ग्रुपांत पाठवून दिला.

समाज सज्जन. लोकांनी खरंच फोटो परत पाठवले. दिवसभर देवाजींचा मोबाईल वाजत राहिला. बालाघाटहून, नागपूरहून, ज्यांना ते ओळखतही नव्हते अशांकडून. हात जोडल्याचं चित्र आणि खाली रेणू. पुन्हा हात जोडलेले, पुन्हा रेणू. दुपारपर्यंत देवाजींना वाटत होतं, की येतोय, एकेक करून परत येतोय. जितके आले तितके कमी झाले, असा त्यांचा हिशेब. ज्यांनी आजवर तो पाहिला नव्हता त्यांनीही तो पाहिला, आणि "चुकीच्या हातात म्हणजे कुठं?" म्हणून शोधायला गेले, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मोठ्या उमेदीनं मोबाईल रेणूपुढं धरला. "पाह्य पोरी, किती जनाईनं परत केला!"

रेणूनं बोटानं पडदा वर सरकवला. सरकवत राहिली. तिचाच चेहरा एकाखाली एक येत राहिला. मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, ये आपने क्या किया?" घरात ती बापाशी मराठीतच बोलायची. त्या दिवसानंतर बरेच महिने जे काही बोलली ते हिंदीतच, परक्या माणसाशी बोलावं तसं.

बुंद से गयी वो हौद से नहीं आती, म्हणतात. देवाजींनी नंतर हौदच्या हौद ओतले. ग्रुप सोडले, संघमित्राबाईंची बोलणी मान खाली घालून ऐकली, भिंतीवरची चौकट उतरवून कपाटात टाकली. त्या खिळ्यावर पुढं काही लावलं नाही.

रेणू नागपूरला गेली. नंबर बदलला, एका शाळेत लागली. तिथल्याच कमलेश नावाच्या शिक्षकाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा गुणी होता, त्याला सगळं सांगूनच तिनं होकार दिला. लग्न नोंदणीचं झालं. फॉर्मवर लागतात तेवढेच फोटो निघाले, बाकी एकही नाही. आईबापाला बोलावलं, पण आधी निरोप आला, मोबाईल घरी ठेवून या. देवाजी दोन दिवस मोबाईलविना राहिले आणि त्यांना काही जड गेलं नाही. जड गेलं ते हे, की लेकीला तसं सांगावं लागलं.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी व्हायचं. रेणू म्हणाली, भिलाईत मला सगळे ओळखतात. मग कौशल्याबाईच नागपूरला गेल्या. देवाजी घरी एकटे वरणभात शिजवून खात होते आणि फोन आला की "नात कशी दिसते?" विचारत होते. कौशल्याबाई म्हणत, "पोरीसारखी दिसते." एवढ्यावर माणसानं काय समजायचं!

सव्वा महिन्यानं कौशल्याबाई परतल्या आणि पिशवीतून त्यांनी एक पाकीट काढलं. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेलं. बापानं लहानपणी सांगितलेला रिवाज पोर विसरली नव्हती. देवाजींनी हात धुतले, पुसले, मग पाकीट उघडलं. दुपट्यात गुंडाळलेली नात, एक मूठ गालाशी. मागं नाव नव्हतं, काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते तसंच वाहू देत ते फोटो घेऊन भिंतीजवळ गेले. जुना खिळा अजून तिथंच होता.

"ठेवाचा नाई म्हने," कौशल्याबाई मागून म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं सुखाचं नव्हतं. "पाहून झाला का परत धाडा, म्हने रेणू."

देवाजी खिळ्यापाशी उभेच राहिले. परत जाणाऱ्या फोटोचा अर्थ त्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

टपालावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात घातलं आणि दुर्गहून गाडी धरली. मोबाईल घरीच ठेवला. फलाटावर रूळ वाचायला ते वाकले नाहीत.

नागपूरला दार रेणूनंच उघडलं. आत बाळ रडत होतं. देवाजींनी पाकीट पुढं केलं. तिनं आतला फोटो काढून पाहिला, मग बापाकडं पाहिलं.

"याचा फोटो तर नाई काढला न, बाबा?"

"नाई, पोरी."

मग तिनं फोटो पाकिटात घातला, पाकीट आतल्या खोलीत ठेवून आली, आणि त्यानंतर म्हणाली, "या, बसा."