दहा मिनिटांचं दुखणं

मिरजेच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या रशीदाचा हात हलका, म्हणून बायका तिच्याकडेच यायच्या. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे कूस बदलताना घर गरकन फिरलं. तेव्हापासून मान वर-खाली केली की तेच. एका डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला, दुसऱ्यांनी गोळ्या. ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली.

गेल्या जुलैत महाबळेश्वरहून धाकट्या भावाचा, फारूकचा फोन आला. अम्माचं काही खरं नव्हतं. चक्कर जरा थांबल्यावर तिसऱ्या दिवशी रशीदा नवऱ्याबरोबर, रहिमानबरोबर, निघाली, पण पसरणीच्या घाटात उलट्यांनी तिला उभंही राहता येईना. रहिमाननं तिला माघारी वाईला दवाखान्यात नेलं. सलाईन चालू असतानाच अम्मा गेली. त्या पावसात मयत किती वेळ थांबवणार? दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर दफन उरकलं. रशीदाला तोंड बघायला मिळालं नाही. फारूकनं त्यानंतर फोन उचलला नाही.

दिवाळीच्या सुमाराला लेक नूरीन तिला सांगलीत राजनंदिनी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागा सोडून भलतीकडे गेलेत, असं राजनंदिनीनं समजावलं. मग रशीदाचं डोकं एका बाजूला वळवून तिला झटकन आडवं केलं. सगळं फिरलं. रशीदानं तिचं मनगट घट्ट धरलं. फिरणं थांबल्यावर डोकं दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, मग उठून बसवलं. असं तीनदा. रशीदानं भीत भीत वर पाहिलं. पंखा जागच्या जागी होता.

“एवढंच हुतं?” तिनं विचारलं.

राजनंदिनी हो म्हणाली. रशीदा तिथंच हुंदके देऊन रडली.

पुढच्याच आठवड्यात ती महाबळेश्वरला गेली. आपलं दुखणं खरं होतं, हे फारूकला पटावं म्हणून तिनं सगळं बारकाईनं सांगितलं: खडे, खाट, डोकं कसं वळवलं, किती वेळ लागला. तो आपल्या टॅक्सीची काच पुसत ऐकत होता.

“धा मिनिटांचं दुखणं हुतं, आपा,” तो म्हणाला, “आन् अम्मा तीन दिस दाराकडं बघत हुती.”

ती दुपारच्या एसटीनं परत निघाली. घाटात गाडी वळणावर वळणं घेत होती, रशीदाचं डोकं शांत होतं. एकदा तरी गरगरावं असं तिला वाटत राहिलं.