आमच्या अपार्टमेंटमध्ये नागव्वा कोण?

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले, तर ओट्यावर एक अनोळखी स्टीलचा डबा. हात लावला तर गरम... उघडला तर हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, वर लसणाची फोडणी. शेजारी फडक्यात गुंडाळलेल्या, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी.

कुणी दिलं, असं सासूबाईंना विचारलं. त्यांनी टीव्हीवरची नजरही हलवली नाही. "कुनी का दिलं आसंना, गरम हाय तवर खा की."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. सासरे गेल्यापासून गावी एकट्याच राहणाऱ्या सासूबाई दिवाळीनंतर आमच्याकडे सोलापुरात कायमच्या आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दूध तापायला ठेवलं, ते उतू जाऊन गॅस विझला आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी आले तेव्हा घरभर वास...

तेव्हापासून त्यांना गॅसला हात लावू देत नव्हते. ऑफिसला निघताना मी रेग्युलेटरच बंद करून जायचे. तुम्ही बसा आई, मी करते ना सगळं... हे माझं ठरलेलं वाक्य.

त्यांना आराम मिळावा एवढंच मनात होतं. पण त्यांचं जेवणच तुटलं. अर्धी पोळी, चमचाभर आमटी की उठल्या ताटावरून. रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि इकडे ब्लाउज सैल व्हायला लागले.

वर रोज एकच धोशा, मला गावाकडं सोडा. तिथे त्यांच्याकडे बघणारं कुणी नाही. नवऱ्याची सध्या चिंचोळी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, त्यामुळे संध्याकाळी ताटासमोर आम्ही दोघीच... मी अगदी रडकुंडीला आले होते.

आणि त्या मंगळवारी याच बाईंनी दोन भाकरी खाल्ल्या! भाजी दोनदा वाढून घेतली. आनंद व्हावा की राग यावा, मला कळेना. माझ्या हाताला मग काय झालंय?

डबा घासताना झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेली पुसट अक्षरं दिसली. 'चि. सौ. कां. नागव्वा हिस मामाकडून.' आता आमच्या अपार्टमेंटमध्ये ही नागव्वा कोण?

आमचा बायकांचा एक ग्रुप आहे. रोज संध्याकाळी त्यावर एकच प्रश्न असतो, 'आज काय?' मी डब्याचा फोटो टाकला आणि विचारलं, कुणाचा?

उत्तरं काय आली... मेथी घालून पिठलं. मुगाची खिचडी, पोरांना सर्दी झालीय. शेवग्याची आमटी. एकीचा मंगळवार होता, तिने वरईचा फोटो टाकला. डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढेना.

डबा रिकामा परत द्यायची आपल्यात पद्धत नाही. बुधवारी पहाटे उठून शेंगा-गुळाचे लाडू वळले, डब्यात भरले. ऑफिसातून तासभर लवकर निघाले. सासूबाई घरात नव्हत्या... देवळात गेल्या असतील म्हटलं, आणि डबा घेऊन निघाले.

तिसऱ्या मजल्यावर अक्कलकोटकडचं जोडपं राहतं. नाव त्यांच्या बाजूचं वाटत होतं, म्हणून आधी तिथेच बेल वाजवली. ते म्हणाले, नाव आमच्याकडचं खरं, पण या नावाचं आमच्यात कुणी नाही. मी आपली लाडवांचा डबा छातीशी धरून जिन्यात उभी.

शेवटी तळमजल्यावरच्या अनसूयाअक्कांकडे गेले. अक्का विणकरांच्या घरातल्या, बोलायला मोकळ्या, बिल्डिंगमधलं सगळं त्यांना ठाऊक. रविवारी पडून त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेलाय.

दार उघडंच होतं. अक्का बाहेर खुर्चीत बसलेल्या, आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता... म्हणजे थापतंय कोण?

अक्कांनी माझ्या हातातला डबा बघितला आणि हसायलाच लागल्या. "आवो, ह्यो आमच्या नागव्वाचा डबा की!" आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

आत परातीपुढे माझ्या सासूबाई होत्या.

मला बघून त्यांचा हात पिठात तसाच थांबला. पहिलं वाक्य काय म्हणाल्या, तर... "गॅस मी बंद करते बग. दोन-दोन येळा बगते."

जिने पन्नास वर्षं चूल सांभाळली, ती बाई माझ्यापुढे सफाई देत होती. मला इतकी लाज वाटली, काय सांगू.

अक्कांचा हात मोडल्यावर सोमवारपासून त्याच इथे येऊन रांधत होत्या, मंगळवारची भाजी-भाकरीही इथलीच. नागव्वा हे त्यांचं माहेरचं नाव. लग्नात बदलून सुशीला केलं. मामाने दिलेला तो डबा गावाहून येताना त्यांनी ट्रंकेतून आणला होता. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "व्हय की, आईचा मामा तिला नागव्वाच म्हनायचा. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

नव्हतं माहीत. एकोणीस वर्षं मी त्यांना आई म्हणतेय, बँकेच्या फॉर्मवर सुशीलाबाई लिहितेय... त्याआधी त्या कोण होत्या, हे कधी विचारलंच नाही.

डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक लाडू मोडून अर्धा अक्कांना दिला, अर्धा स्वतः खाल्ला. "गूळ कमी झालाय," म्हणाल्या. झालाच होता.

आज सकाळी निघताना हात सवयीने रेग्युलेटरकडे गेला आणि मी तो मागे घेतला. खोटं कशाला सांगू, दिवसभरात दोनदा फोन केला, दुसऱ्यांदा ओरडाही खाल्ला.

आत्ता ग्रुपवर 'आज काय?' आलंय. मला माहीत नाही बाई, घरी पोचल्यावर कळेल!

आणि परवा जो डबा कुणाचा म्हणून विचारत होते, तो आमच्याच घरचा निघाला. अनसूयाअक्का, तुमचे आभार कसे मानू... तुम्ही दोन दिवसांत त्यांना त्यांचं नाव विचारलंत.