अण्णाजींची बरडी

मी अण्णाजी ढगे यांना ओळखू लागलो तेव्हा त्यांच्या तोंडात तीन दात होते, आणि ते तिन्ही माती चाखण्याच्या कामी येत. आमच्या मोहखुटा गावात कुणाला विहीर खणायची असो की वावर विकत घ्यायचं असो, आधी अण्णाजींना बोलावणं जाई. ते ढेकूळ उचलत, चिमूटभर दातांखाली चावून बघत, उरलेल्याची पाण्यात भिजवून गोळी वळत आणि समोर दिसेल त्या भिंतीवर मारत. गोळी चिकटून राहिली तर जमीन काळी. फुटून विखुरली तर बरडी, म्हणजे मुरमाची, जिच्यात तिळाशिवाय काही येत नाही. समोर दिसणारी भिंत बहुतेक वेळा माझ्या शाळेची असे. दर दिवाळीला मी तिला चुना मारून घेई आणि संक्रांतीपर्यंत डाग परत हजर. तक्रार केली तर म्हणत, "मास्तर, तुमच्या शाळेत तेवढी भिंतच काय ती शिकून राह्यली."

त्यांची स्वतःची जमीन नाल्याकाठी होती. तीन एकरांचा मळा, मधोमध विहीर, तिच्यावर मोट. त्या मातीची गोळी भिंतीवर मारली की ती खरवडून काढावी लागे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिथंच पिके आणि आनंदाबाई, म्हणजे त्यांच्या घरधनीण, ते वर्ध्याच्या बाजारात नेऊन बसत. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. मळा होता. त्याच्याविषयी दोघंही इतक्या काळजीनं बोलत, की नव्या माणसाला घरात कुणीतरी आजारी असावं असं वाटे.

गोष्ट पंचावन्न सालची. वर्धा आमच्या गावापासून दीड कोसावर, आणि शहर दरसाल थोडं थोडं आमच्याकडे सरकत होतं. अशात नागपूरहून प्रभाकरराव नावाचे अधिकारी आले. शहराभोवतीची कुठली जमीन भाजीपाल्यासाठी, दुधासाठी कायमची राखायची आणि कुठल्या जमिनीवर घरं बांधायची, याचा नकाशा त्यांना करायचा होता. कसदार वावरांत कुणी वीट ठेवू नये, घरं मुरमाडावर व्हावीत, असा त्यांचा हिशेब. आणि जमिनीची प्रत ते शेतकऱ्यांनाच विचारणार होते. मला म्हणाले, "नकाशा नागपुरात बसूनही काढता येतो, मास्तर. पण मग तो नागपूरचाच होतो." वाक्य मला इतकं आवडलं की मी उत्तरं लिहून घ्यायचं काम विनातक्रार पत्करलं. पुढच्या गुरुवारी शाळेत सभा ठरली.

चूक सुरू झाली ती दवंडीपासून. सभा कशासाठी आहे हे मी चिंधू कोतवालाकडून तीनदा घोकून घेतलं होतं. पण एवढं लांबलचक वाक्य डफड्याच्या तालात बसेना. दुसऱ्या गल्लीपर्यंत त्यानं ते कापून सोयीचं केलं: सायब जमिनीची प्रत पाहाले येऊन राह्यले हो.

एवढं गावाला पुरे होतं. प्रत पाहायला साहेब येतो तो सारा वाढवायला, हे मोहखुट्यात मुलांना पाढ्यांच्या आधी समजतं. अण्णाजी दहा वर्षांचे असताना असाच एक साहेब आला होता. त्यांच्या वडिलांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं की आपल्या मळ्यासारखी काळी पंचक्रोशीत नाही, वर टोपलीभर वांगीही दिली. तेव्हापासून गावात सर्वांत जास्त सारा ढग्यांच्या मळ्याला. वडील मरेपर्यंत त्या टोपलीबद्दल पस्तावत राहिले.

त्या संध्याकाळी पाराजवळ अण्णाजींनी गावाला धडा दिला. कुणी काही विचारलं तरी बरडी म्हणायचं. विहिरीचं पाणी माघातच आटतं म्हणायचं. विचारलं त्यापेक्षा जास्त बोलायचं नाही. माणसं मान डोलावत होती. माझ्या वर्गात इतकी शिस्त मी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मळ्यावरची मोट बंद झाली. साहेबाला हिरवं दिसू नये म्हणून अण्णाजींनी आठ दिवस पाणी दिलं नाही. वांग्याची झाडं आधी दुपारची माना टाकत आणि संध्याकाळी सावरत. नंतर संध्याकाळीही सावरेनात. मी तिकडून जात होतो तेव्हा आनंदाबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या होत्या. अण्णाजी मोटेचा सोंदूर, म्हणजे दोर, सोडवून गुंडाळत होते.

"जिचं आजवर खाल्लं तिले भरसभेत नावं ठेवता?" त्या म्हणाल्या.

"तिच्याचसाठी ठेवून राह्यलो," अण्णाजी म्हणाले.

"तिले विचारलं काय?"

अण्णाजी दोर गुंडाळत राहिले. मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते आठवलं की येत नाही.

गुरुवारी प्रभाकररावांनी शाळेच्या जमिनीवर नकाशा पसरला. खोलीभर मोठा, आणि आमच्या गावाच्या जागी कोरा. एका हातात हिरवी पेन्सिल, एका हातात पिवळी. हिरवं म्हणजे शेती राहणार, पिवळं म्हणजे घरं येणार, असं त्यांनी एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत समजावलं. साऱ्याचा याच्याशी संबंध नाही हेही सांगितलं. लोकांनी फार आदरानं ऐकून घेतलं. त्यातला एक शब्दही कुणी खरा मानला नाही.

मी मात्र मानला. मी अण्णाजींना बाहेर, त्यांच्याच डागांच्या भिंतीशी गाठलं आणि सांगितलं की हा माणूस खरं बोलतो आहे, तुम्ही बरडी म्हणालात तर मळ्यावर घरं येतील.

ते माझ्याकडे फार मायेनं बघत राहिले. मंद बुद्धीच्या पोराकडे मी बघतो तसे.

"मास्तर, तुम्ही पुस्तकं वाचली. मी सायब वाचले," ते म्हणाले आणि आत गेले.

एकेकाचं नाव पुकारलं गेलं. बरडी. बरडी. मुरमाड. बरडी. मी लिहीत होतो आणि साहेबांची पिवळी पेन्सिल कागदावर खरखरत होती. फक्त बबनरावांचं गणित वेगळं झालं. टेकडीवरची त्यांची जमीन इतकी खरोखर बरडी होती की तिथं बकऱ्याही मन लावून चरत नसत. पण त्यांच्या मुलीला, नलूला, बघायला केळझरचे पाहुणे नेमके त्याच दिवशी आलेले, आणि सभा बघायला शेवटच्या रांगेत बसलेले. बबनराव उभे राहिले, पाहुण्यांकडे पाहिलं आणि खणखणीत म्हणाले, "काळी. कमरेइतकी काळी." टेकडी हिरवी झाली. नलूचं लग्नही ठरलं.

अण्णाजींची पाळी शेवटी आली. त्यांनी धोतराच्या सोग्यातून ढेकूळ काढलं. गोळी वळून भिंतीवर मारली. ती फुटली आणि मुरूम खाली सांडला. ढेकूळ बबनरावांच्या टेकडीवरचं आहे हे खोलीत साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी मला विचारलं, "मास्तर, बरोबर?"

हा प्रश्न त्यांनी सकाळपासून दुसऱ्या कुणासाठी विचारला नव्हता. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्या गावात मला राहायचं होतं. मी म्हणालो की लोक सांगतील तेच लिहायचं ठरलं आहे. आणि माझ्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं: अण्णाजी ढगे, तीन एकर, बरडी. अण्णाजींनी खाली सही केली. त्यांना सही येत होती याचा त्यांना फार अभिमान.

गावात आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो साहेब असला तरी. दुपारी आनंदाबाईंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत पाठवलं. त्यांना ते मुद्दाम करायचं होतं की नुसती रीत म्हणून, हे मी कधी विचारलं नाही. प्रभाकररावांनी दोनदा वाढून घेतलं. असलं वांगं नागपुरात मिळत नाही म्हणाले, आणि कुठल्या मळ्यातलं म्हणून विचारलं.

अण्णाजी समोरच बसले होते. "बाजारातून आणलं, सायब," ते म्हणाले.

साहेबांनी हातातला घास थोडा वेळ तसाच धरला. मग खाल्ला. जाताना नकाशाची गुंडाळी उचलताना मला इतकंच म्हणाले की आता हा तुमचा नकाशा.

वर्ष-दीड वर्ष काही झालं नाही. मोट पुन्हा सुरू झाली, पारावर अण्णाजींच्या हुशारीची गोष्ट रंगवून सांगितली जाऊ लागली. मधल्या काळात आमचं राज्य बदललं, नागपूरची कचेरी मुंबईकडे गेली आणि प्रभाकररावही कुठं तरी गेले. नकाशा मात्र राहिला. सत्तावनच्या थंडीत एका सकाळी नाल्याकाठी चुन्याची रेघ दिसली. ती धुऱ्यावरून सरळ आली होती, वांग्यांच्या ओळींवरून गेली होती, आणि विहिरीच्या काठाशी थांबून पलीकडच्या काठापासून पुढं निघाली होती.

अण्णाजींनी मळ्यातलं ढेकूळ फडक्यात बांधलं आणि मला घेऊन वर्ध्याच्या कचेरीत गेले. नव्या अधिकाऱ्यानं कागद काढला. खाली सही दाखवून ती कुणाची म्हणून विचारलं. अण्णाजींनी आपलीच आहे म्हणून सांगितलं.

"मग आता काळी कशी झाली?" अधिकारी म्हणाला. आवाजात राग नव्हता. लोकांना विचारून केलेला नकाशा आहे, त्यात फेरफार करणं लोकांवर अन्याय होईल, असंही त्यानं समजावलं.

अण्णाजींनी फडकं सोडलं, गोळी वळली आणि कचेरीच्या भिंतीवर मारली. ती चिकटून राहिली. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. परत येताना मी दारातून वळून पाहिलं. गोळी तिथंच होती.

मळा गेला, तोही बरडीच्या दरानं. नोकरदारांसाठी घरांची ओळ आखली गेली. पाया खणताना अण्णाजी रोज तिथं उभे राहत. एकदा मुकादमाला म्हणाले, "बापू, हे बारा हात काळी हाये. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. इथं भिंत उभी नाई राहात." मुकादम हसला. कागदावर बरडी होती. बरडीला पाया उथळ चालतो, म्हणून त्यानं उथळच घेतला. विहीर बुजवायला सात दिवस लागले. आनंदाबाई त्या सात दिवसांत गावाबाहेर पडल्या नाहीत.

माझी बदली वर्ध्याच्या शाळेत झाली आणि एकोणसाठच्या वैशाखात मला त्याच ओळीतलं एक घर मिळालं. क्रमांक नऊ. त्याखाली काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. नकार द्यायचं मनात आलं. पण पक्कं घर होतं, कौलं नवी होती. ज्या जागेवर तेव्हा गप्प बसलो, त्या जागेवर आता एकदम बोलायला जीभ वळेना.

आषाढ संपता संपता स्वयंपाकघराच्या भिंतीत केसाएवढी रेघ आली. श्रावणात तिच्यात पैसा मावू लागला. तेव्हापासून अण्णाजी दर बाजारच्या दिवशी येतात. आनंदाबाई बाहेर पायरीवर बसतात, आत येत नाहीत. अण्णाजी आल्या आल्या सरळ त्या भिंतीशी जातात आणि भेगेत बोट घालून बघतात. पहिल्यांदा पेरभर गेलं. परवा दोन पेरं गेलं. मग त्यांनी भिंतीला कान लावला.

मी चहा पुढं केला आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, की आता काय ऐकता, जमीन तर गेली.

"गेली नाई, मास्तर," ते म्हणाले. "खाली चालून राह्यली." आणि मग, ज्या मायेनं त्या दिवशी भिंतीशी माझ्याकडे बघितलं होतं त्याच मायेनं, "पुढच्या पावसाच्या आत लेकराबाळांची खाट या भिंतीपासून सरकवजो."

मी ती त्याच संध्याकाळी सरकवली. तीन भिंतींना रेघा आल्या आहेत, म्हणून खाट आता चौथीशी आहे. तिच्यावर अजून रेघ नाही. रोज सकाळी उठून मी आधी ती बघतो.